बोटीच्या धक्क्यावरचे हसू

मित्रांनो, मी एक जुना चित्रपट आहे. नाव सांगत नाही. सांगितले तर तुम्ही म्हणाल, "हा होय? हा तर परवाच लागला होता." खरे आहे ते. परवा लागलो होतो, त्याच्या आदल्या आठवड्यातही लागलो होतो, आणि आज एखादा सामना पावसाने थांबला तर आजही लागेन. अवचित पाहुणे आले की बरणीच्या तळाची बिस्किटे पुढे करावीत, तसे वाहिनीवाले मला पुढे करतात.

इतक्या वेळा दिसणाऱ्याला काळजी कसली, असे तुम्हाला वाटेल. पण मित्रांनो, मला फार काळजी वाटते आहे. या घडीला मी एका पांढऱ्या टेबलावर पडून आहे. माझा एक डबा उघडला आहे आणि त्यातून आंबूस वास येतो आहे. दाराबाहेरच्या बाकावर एक म्हातारा शिंपी आपल्या मुलीशेजारी बसला आहे. तो ज्यासाठी आला आहे, ते माझ्यात अजून शिल्लक आहे की नाही, हे मलाही ठाऊक नाही. ते कळेपर्यंत तुम्हाला माझी गोष्ट सांगतो. बोलत राहिले की मनाला तेवढाच धीर येतो.

माझे शरीर म्हणजे एक लांबच लांब पट्टी. तिच्यावर ओळीने असंख्य छोटी चित्रे. पट्टी गुंडाळली की रीळ होते, आणि अशी रिळे गोल डब्यांत ठेवतात. माझा जन्म पत्र्याच्या एका मोठ्या शेडमध्ये झाला. तिथे दिव्यांचा उकाडा असे आणि सुतारांची ठोकाठोक. कोपऱ्यात एक तरुण शिंपी शिवणयंत्र घेऊन बसे. सगळे त्याला मास्तर म्हणत. गळ्यात मापाची पट्टी, ओठांत टाचण्या, त्यामुळे कोणी काही विचारले तर तो मानेनेच उत्तर देई. त्याची बायको बटणे आणि हुक लावायला सोबत येई. ती मोठी बोलघेवडी होती, पण फोटो काढायचा म्हटले की ओठ घट्ट मिटून उभी राही, जणू कोणी दात मोजायलाच आले आहे. लग्नाच्या फोटोतही तिचा चेहरा तसाच.

माझ्यात एक प्रसंग बोटीच्या धक्क्याचा आहे. नायक परदेशी निघतो, हमालाच्या खांद्यावरून त्याची ट्रंक घसरून पडते, आणि मग धक्क्यावरची गर्दी रडत रडत हात हलवते. त्या दिवशी गर्दीतली एक बाई आजारी पडली. तिचे कपडे तर शिवून तयार. दिग्दर्शकाचा मदतनीस धावत मास्तरच्या बायकोकडे आला.

"वहिनी, कपडे तुमच्याच मापाचे आहेत. तेवढ्या उभ्या राहा. रडायचं आणि हात हलवायचा, बस्स."

"रडू कसं येईल हो?" ती म्हणाली. "हा माणूस माझ्या ना नात्याचा ना गोत्याचा."

तरी ती उभी राहिली. कॅमेरा सुरू झाला. ती गोंधळलेली पाहून कॅमेऱ्यामागून मास्तरच तिला शिकवू लागला. ओठांत टाचण्या तशाच ठेवून त्याने एक हात जोरजोरात हलवला आणि दुसऱ्या हाताने मापाच्या पट्टीने डोळे पुसले. ते ध्यान पाहून ती खळखळून हसली. सगळा धक्का रडतो आहे आणि मधोमध एक बाई हसते आहे.

दिग्दर्शक कपाळाला हात लावून म्हणाला, "पुन्हा घ्या."

पण कॅमेरावाला म्हातारा होता आणि त्याने खूप जग पाहिले होते. तो म्हणाला, "राहू द्या. धक्क्यावर एखादी हसणारीही असतेच. तिला माहीत असतं, आपला माणूस परत येणार आहे."

आणि ते हसू माझ्यात राहिले.

मी पडद्यावर आलो, आणि लोकांनी मला डोक्यावर घेतले. चित्रपटगृहात पाय ठेवायला जागा नसे. माझी वाक्ये लोक एकमेकांना ऐकवत, माझ्या नायकासारखा भांग पाडत. पुढे ती चित्रपटगृहे एकेक करून बंद पडली. मला डब्यांत घालून माझ्या मालकाच्या गोदामात ठेवले. मग टीव्ही आला आणि मला दुसरा जन्म मिळाला. माझी एक प्रत वाहिनीकडे गेली. पहिल्यांदा लागलो, तेव्हा रस्ते ओस पडले. शेजारीपाजारी एका घरात दाटीवाटीने बसले. टीव्हीच्या काचेतून तुम्ही मला पाहता ना, तसे मीही तुम्हाला पाहतो. त्या दिवशीचे चेहरे मी अजून विसरलेलो नाही.

पुढचे सांगताना मात्र वाईट वाटते. सुट्टी आली की मी, दुपार रिकामी असली की मी. हळूहळू कोणी बसेना. मी बोलत असे आणि घरात भाजी चिरली जाई, अभ्यास घेतला जाई, भांडणे होत. रोज म्हटलेली प्रार्थना कधी कधी नुसती जिभेवर उरते आणि मन भलतीकडेच फिरत असते. तसे माझे झाले. यात प्रार्थनेचा दोष नसतो, मित्रांनो. मनाला पुन्हा तिथे आणून बसवावे लागते, आणि नेमका त्याचाच लोक कंटाळा करतात.

एक घर मात्र वेगळे होते. एका दुकानाच्या वर तीन लहान खोल्या. मास्तर आता म्हातारा झाला होता, बायको देवाघरी गेली होती, आणि तो मुलीकडे राहत होता. मुलगी परिचारिका. रात्रपाळी करून आली की तिला फक्त शांतता हवी असे. पण मी लागणार असलो की मास्तर नेम असल्यासारखा टीव्हीसमोर बसे. पूर्ण चित्रपट तो पाहत नसे. हातात काहीतरी शिवण असे. ट्रंक खांद्यावरून घसरली की तो सुई कापडात टोचून ठेवी आणि उठून उभा राही.

"बाबा, बसा हो. बोट तुमच्यावाचून सुटत नाही."

"थांब. आई येतेय."

क्षणभर ते हसू चमके. मग तो खाली बसे आणि म्हणे, "आली आणि गेली." पुन्हा सुई चालू.

मुलगी हसून मान हलवी, पण पडद्याकडे पाहत नसे. लहानपणापासून तिने ते इतक्या वेळा ऐकले होते, की बघायला कधीही मिळेल, असेच तिला वाटे. मलाही तसेच वाटे.

मग जाहिराती वाढल्या. त्यांना जागा हवी म्हणून माझ्यावर कात्री चालू लागली. कुठे कापले ते मला आधी कळत नाही. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी, तसे चालता चालता एकदम रिकामे लागते. आधी वाऱ्याने हलणारे पडदे गेले. मग नायकाची आई गप्प बसून कपड्यांच्या घड्या घालते, ते गेले. प्रत्येक वेळी मी धक्क्याच्या प्रसंगाजवळ आलो की जीव मुठीत धरत असे. एक दिवस वाहिनीच्या खोलीत कोणीतरी म्हणाले, "या गर्दीत महत्त्वाचं कोणीच नाही. उडवा."

त्या दुपारी ट्रंक पडली. मास्तर सुई टोचून उभा राहिला. आणि पुढच्याच क्षणी बोट भर समुद्रात होती. तो तसाच उभा. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "मला डुलकी लागली का गं?"

"लागली असेल, बाबा," मुलगी गणवेशाची घडी घालता घालता म्हणाली.

पुढच्या खेपेला त्याने तोंडावर पाणी मारले आणि आधीपासूनच उभा राहिला. पुन्हा तेच. मला काचेतून ओरडून सांगावेसे वाटत होते, की मास्तर, तू जागा आहेस. पण माझ्या तोंडी दुसऱ्यांनी लिहिलेलीच वाक्ये. मी बोट घेऊन पुढे निघून गेलो.

त्यानंतर त्याचा स्वतःवरचा विश्वासच उडाला. दाराची कडी लावून पुन्हा पुन्हा जाऊन बघू लागला. माप घेतल्यावर ते खरे वाटेना. जेवून उठल्यावर मुलीला विचारी, "मी जेवलो ना?" आणि एका संध्याकाळी हळूच म्हणाला, "ती हसली होती ना गं तिथं? का मीच आपलं मनानं धरून बसलो होतो?"

मुलगी रोज आजारी माणसे पाहणारी. वडिलांचा तो आवाज ऐकून तिने हातातले काम बाजूला ठेवले. पुढच्या वेळी मी लागलो, तेव्हा तिने रजा घेतली आणि त्याच्याशेजारी बसली. ट्रंक पडली. बोट समुद्रात. तिने वडिलांचा हात धरला.

"बाबा, तुम्ही जागे होता. त्यांनी आईला कापलंय."

म्हाताऱ्याचे खांदे जरा खाली आले, डोक्यावरचे ओझे कोणी उतरवून घ्यावे तसे.

तिने वाहिनीला फोन केला. पलीकडचा माणूस चक्रावला. "ताई, हा सिनेमा बंद करा म्हणून लोक फोन करतात. पूर्ण दाखवा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"पूर्ण प्रत आहे ना तुमच्याकडे?"

"कापलेली प्रत त्याच टेपवर भरली हो, पूर्ण प्रत पुसली गेली. दोन-दोन कशाला ठेवायच्या? मूळ रिळं मालकाकडे असतील."

मालक वारला होता. त्याच्या मुलाने गोदामाचे दार उघडले. जिन्याखाली, मोडक्या पंख्यांच्या खोक्यांमागे माझे डबे होते. तो ओशाळला. "रोज टीव्हीवर दिसतो ना, म्हणून कोणी डबे उघडून पाहिलेच नाहीत. न्या तुम्ही. कोणाच्या तरी कामी येऊ देत."

रोज दिसणारा माणूस आतून आजारी असेल, अशी शंका कोणाला येत नाही, मित्रांनो. माझ्या रिळांना दमट हवा लागली होती. वेढे एकमेकांना चिकटले होते.

असा मी या टेबलावर आलो. रिळे दुरुस्त करणारी बाई पांढरे हातमोजे घालून माझा एकेक वेढा सोडवते आहे. मघाशी ती बाहेर जाऊन मास्तरला म्हणाली, "काका, आत्ताच आशा लावून बसू नका. धक्क्याचा भाग बाहेरच्या बाजूला आहे, आणि तीच बाजू जास्त खराब झालीय."

"उसवलंय की कुजलंय?" त्याने विचारले. "उसवलेलं शिवता येतं."

"दोन्ही आहे."

मुलगी त्याची टोपी हातात घेऊन तिची कड नुसतीच चाचपत राहिली.

आता रिळे सोडवणारी बाई ट्रंकेपर्यंत आली आहे. हमालाच्या खांद्यावर पांढरे डाग पडले आहेत. ट्रंक निम्मी दिसते, निम्मी विरघळली आहे. देवा, आणखी थोडे पुढे जाऊ दे. धक्का आला. रडणारी माणसे आली, काहींचे चेहरे उरले आहेत, काहींचे नाहीत. ही ती. ओठ मिटून उभी, फोटोतल्यासारखी. मग डाग. पुन्हा डाग. हातमोजेवाल्या बाईचे हात थांबले आहेत. ती पट्टी दिव्यासमोर धरते आहे, डोळे बारीक करून बघते आहे. मला काही कळत नाही. आपले अंग आपल्याला कुठे दिसते?

तिने दार उघडले. "काका, या."

मास्तर आत आला, मागोमाग मुलगी. तिने त्याच्या हाती भिंग दिले आणि पट्टीचा एक छोटा तुकडा दिव्याच्या काचेवर ठेवला. तो वाकला. मग त्याचा मोकळा हात आपोआप थोडा वर आला आणि हलला, तसाच, त्या दिवशी कॅमेऱ्यामागे हलला होता तसा.

"माझ्याकडेच बघून हसतेय," तो म्हणाला.

"सरका ना बाबा," मुलगी म्हणाली. "मला बघू द्या."

"थांब जरा," तो वाकलेलाच म्हणाला. "अजून गेली नाहीये."

मित्रांनो, खाली चौकीदाराच्या खोलीत टीव्ही चालू आहे. त्यावर मीच लागलो आहे. ट्रंक पडते आहे आणि बोट लगेच समुद्रात जाते आहे. कोणी पाहत नाही. आणि इथे एवढ्याशा तुकड्यावर एक म्हातारा डोळे लावून उभा आहे. माझे बाकीचे डबे अजून उघडायचे आहेत. त्यांत काय उरले असेल, या विचाराने मला चैन पडत नाही. माझ्यासारखे कितीतरी जण अजून जिन्यांखाली पडून आहेत. तुमच्या घरातही असे काही जुने असेल, जे रोज समोर असते म्हणून कोणी जवळ जाऊन पाहत नाही. एखादी वस्तू असेल, एखादे माणूसही असेल. आज जरा जवळ जाऊन पाहा. आणि मी पुन्हा लागलो, तर वाहिनी बदला हवी तर, पण ट्रंक पडेपर्यंत थांबा. पुढे काही तुटल्यासारखे वाटले, तर कोणाला तरी विचारा, इथे कोण उभे होते?