मआमीरचे आगाऊ गोल

मआमीर वस्तीच्या संघाला किती गोल द्यायचे, हे यंदा कस्तुरीचं सॉफ्टवेअर सांगणार होतं. आखातात कामाला आलेल्यांच्या शुक्रवारच्या फुटबॉल लीगची रीतच अशी, की दुबळ्या संघाला सुरुवातीलाच काही आगाऊ गोल मिळत, म्हणजे खेळ रंगे. ते किती द्यायचे यावरून मात्र खेळापेक्षा भांडणच जास्त रंगे. कस्तुरी बँकेत काम करणारी पुण्याची पोर. तिनं महादेवची स्कोअरवही मागून नेली, साडेपाच वर्षांच्या मॅचेस संगणकात भरल्या आणि गुरुवारी संध्याकाळी गुदैबिया भागातल्या हॉटेलात चहाच्या कपांशेजारी लॅपटॉप उघडला.

"बघा महादेवकाका, उद्या तुबली विरुद्ध मआमीर. तुमच्या वहीप्रमाणे मआमीर हरतं ते एकदोन गोलांनी. एक आगाऊ गोल पुरे."

महादेवनं कप खाली ठेवला. मूळचा तो संगमेश्वरचा. तुबलीच्या गॅरेजात डेंटिंग करायचा आणि सुट्टीच्या दिवशी लीगचा स्कोअर लिहायचा. मआमीरचे वेल्डर कसे खेळतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? शिफ्टवरून थेट मैदानात येत, पाय ओढत, हसत. त्यांचा कप्तान ओवैस, खेडचा, कालच फोनवर म्हणाला होता, "महादेवदादा, या वेळी हरलो की खलास. पोरं म्हणतात, यापेक्षा झोपलेलं बरं. टीम बंद करतो."

एका गोलानं ते वाचणार नव्हते.

"मॅडम," महादेव कपाकडे बघत म्हणाला, "त्या वहीत थोडं खोटं आहे."

"थोडं म्हणजे?"

"दहा-शून्य झालं की मी चार-दोन लिवतो."

कस्तुरीचा हात कळफलकावरच थांबला. "का पण?"

"वर्षाच्या शेवटी वही वाचून दाखवतात ना, सगळ्यांच्या बायकापोरांसमोर. हरलेल्याच्या ताटात डोकावू नये, असं आमची आई सांगायची. मग हात आपोआप वळतो."

"आणि जिंकणारे काही बोलत नाहीत?"

"त्यांचं लक्ष बिर्याणीकडं असतं."

तिनं वही उघडून ते आकडे पुन्हा पाहिले. तीन आठवडे राबली होती बिचारी. आता ही सगळ्यांना सांगणार, आपल्या हातचं पेन जाणार, असं महादेवला वाटलं. पण कस्तुरीचे खांदे हलायला लागले आणि ती डोळे पुसेपर्यंत हसली.

"खरे आकडे आहेत कुठे, काका?"

"तोंडपाठ आहेत. विसरू नये म्हणून प्रत्येकाची ओवी बांधलीय."

आणि टेबलावर हलका ठेका धरून तो गाऊ लागला:

"दहा गोल बसले गं, मआमीरच्या जाळ्यात,
वेल्डर दादा हसे तरी, पाणी त्याच्या डोळ्यात.
नऊ गोल खाल्ले तरी, गोलकीपर उपाशी,
वाट बघे बिर्याणीची, उभा जाळीपाशी."

कस्तुरी हसत हसत आकडे भरत गेली. शेजारच्या टेबलावरचे लोक चहा विसरून ठेका धरू लागले. सव्वीस ओव्या झाल्या तेव्हा पडद्यावर नवा आकडा उमटला: सहा.

सकाळी तुबलीच्या खाडीचा वारा अंगावर घेत महादेवनं मैदानात सगळं कबूल करून टाकलं. तुबलीकडून खेळणारी त्याच्याच गॅरेजची पोरं खवळली. "दादा, आपल्याच लोकांना चुना लावलास?"

"चुना नाही रे, पोचे झाकायची पुट्टी होती. आता खरा पत्रा दिसतोय. यल्ला, चला, खेळा."

सहा-शून्यवर खेळ सुरू झाला. तुबलीनं धडाधड पाच मारले. मआमीरचे अकराच्या अकरा वेल्डर आपल्या जाळीसमोर भिंतीसारखे उभे राहिले. कुणाच्या पोटावर चेंडू, कुणाच्या पाठीवर. बरोबरीच्या आशेनं तुबलीचा गोलकीपरही पुढं धावला. तेवढ्यात ओवैसनं चेंडू नुसता लांब भिरकावला, वाऱ्यानं तो झेलला आणि रिकाम्या मैदानावरून उड्या मारत, लग्नातल्या पोरासारखा, तो थेट तुबलीच्या जाळीत शिरला.

शिट्टी वाजली. सात-पाच. वेल्डर एकमेकांच्या अंगावर कोसळले, उठले, पुन्हा कोसळले. कस्तुरी लॅपटॉप डोक्यावर धरून नाचत होती.

ओवैस धापा टाकत महादेवकडे आला. "दादा, हा गोल खराय ना? तू पदरचा घातलेला नाही ना?"

"तुझ्या बुटाला विचार."

ओवैसनं खरंच बुटाकडे पाहिलं. मग घाम पुसत, छाती काढून म्हणाला, "मग पुढच्या शुक्रवारी आम्हाला पाचच द्या."