अर्धा र

टेबलावरचा तो फोन – राखाडी, साबणाच्या वडीएवढा, पाठीवर कंपनीचा नंबर चिकटवलेला – शेखरच्या ताब्यात आला तेव्हाच त्याच्यातून काय काय निघणार ते त्याने मनाशी मांडून ठेवलं होतं. शुक्रवारी लायब्ररी फोनवर चालली की सोमवारी टीम लीड. टीम लीड म्हणजे खिडकीजवळची खुर्ची, नावाचं कार्ड, आणि आईला गंगापूर रोडच्या मावशीला ऐकवायला एक वाक्य. तेवढ्यासाठी घालायचं काय, तर थोडी अक्कल. सौदा वाईट नव्हता.

लायब्ररी म्हणजे फोनला मराठी लिहायला शिकवणारा कोड. अक्षरं शेजारच्या टेबलावरच्या प्रतिभाने बसवलेली. फोनच्या सिस्टीमसाठी लायब्ररी कंपाइल करायची, म्हणजे बांधून द्यायची, ती शेखरने. कंप्युटरवरच्या नकली फोनमध्ये सगळं देखणं उमटायचं, पण खऱ्या फोनसाठी बांधायला घेतलं की गाडी एकाच ओळीशी अडायची – लायब्ररीत बदलता येणारा डेटा आहे, चालणार नाही. दोन हजार चार सालचे ते फोन, त्यांची सिस्टीम भारी सोवळ्यातली.

अडणारी ओळ म्हणजे अर्ध्या र चा तक्ता. वाऱ्यातला आडवा र वेगळा, सूर्यातला डोक्यावरचा रफार वेगळा... हा फरक मराठी डोळ्यालाच खुपतो, आयत्या हिंदी कोडमध्ये तो नव्हताच. म्हणून प्रतिभाने आठ दिवस खपून तक्ता केला होता. शेखरने शुक्रवारी सकाळी त्याच्यापुढे तिरक्या रेघा ओढून तो बंद केला. तात्पुरता. लायब्ररी बांधली गेली, चुका शून्य. प्रतिभाला सांगायचं राहिलं – राहिलं कसलं? मी सांगितलं नाही.

दुपारी पिंपळगावहून केरूनाना आले, द्राक्षांच्या पॅकहाउसचे मालक. गावोगावच्या बागायतदारांना त्यांना फोनवर मराठीत निरोप धाडायचे होते. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी फोन नाकाशी धरला.

"लय झ्याक. पण हे 'शेतकर्यांनो' काय हाय? आधीच त्याच्या डोक्यावर कमी हाय का, तुम्ही अजून हे चढवलं?"

सगळे हसले. शेखरही हसला, किंचित आधीच हसला.

"मराठी खातं आमच्या प्रतिभा मॅडमचं," कंपनी चालवणारे गायधनी सर म्हणाले. "काय मॅडम, शाळेत दांडी मारली होती का?"

प्रतिभाने फोन हातात घेतला, त्या शब्दाकडे बघत राहिली. तिच्या मशीनवर तो कालपर्यंत बरोबर उमटत होता, हे ह्या खोलीत दोघांनाच ठाऊक... आता, ह्या क्षणी म्हणावं – सर, ते माझ्याकडून – चार शब्द तर होते. तेवढ्यात नानांचा चहा आला, आणि कप पुढे सरकवायचं काम शेखरने फार तत्परतेने केलं.

"बघते सर," प्रतिभा म्हणाली.

सहाच्या सुमारास ती त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"तक्ता तू बंद केलास."

"बांधलंच जात नव्हतं गं. वेळ नव्हता."

"अरे, त्या ओळीच्या आधी कॉन्स्ट लिहायचं, म्हणजे हे बदलणार नाही. तक्ता कुठे बदलतो तो? मला विचारायचं ना."

एक शब्द. इंग्रजी पाच अक्षरांचा. आणि तरी त्याच्या तोंडून आधी निघालं ते भलतंच –

"सरांना सांगितलंस?"

"नाही. माझंच राहिलं होतं, असं म्हटलं. सोमवार आहे ना तुझा."

टोमणा होता का? त्याने तिच्या आवाजात तो शोधला, हावरटासारखा शोधला; सापडता तर उलटून बोलता आलं असतं, भांडता आलं असतं, फिटलं असतं.

"उद्या आईला वणीच्या गडावर देवीला नेणार होते," ती पर्स उचलत म्हणाली. "नानांना सोमवारी हवंय, सगळे शब्द फोनवर पुन्हा तपासायचे, म्हणजे यावंच लागेल. तिला सांगते, पुढच्या महिन्यात."

मी येतो, तू जा – हे वाक्य त्याच्या जिभेवर पूर्ण तयार झालं. ती जिन्याच्या वळणाआड जाईपर्यंत त्याने ते तसंच धरून ठेवलं.

गड तिच्या आईचा राहिला. हसं तिचं झालं. शब्दही तिनेच पुरवला. आपल्या बाजूचं काय गेलं म्हणून तो चाचपत बसला, आणि हाताला लागला तो नुसता सोमवार – आता कुणीच काढून घेणार नव्हतं असा.