आमची दोरी आम्ही घेतो

साहेबांनी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची उचलून बाहेरच्या खोलीत मधोमध ठेवली. तिच्यापासून टेपनं साडेचार फूट मोजले, फरशीवर खडूनं रेघ ओढली आणि रेघेच्या अलीकडे उभं राहून दोरीचा फास खुर्चीच्या पाठीवर फेकला. बसला. पुन्हा फेकला. पुन्हा बसला. तिसऱ्या खेपेला तो थेट कपाटावरच्या फुलदाणीला जाऊन लागला आणि फुलदाणी खाली आली. ती बायकोची आवडती होती. पण बायको चौदा महिने घरात नव्हती, त्यामुळे बोलणी बसण्याची सोयच उरली नव्हती. साहेबांनी मुकाट्यानं तुकडे भरले, सुपलीतून डब्यात टाकले आणि परत रेघेशी येऊन उभे राहिले.

साहेब म्हणजे मोजणीखात्यातून निवृत्त झालेले साहेब. सगळा जन्म लोकांच्या हद्दी ठरवण्यात गेला. तुमचं इथपर्यंत, त्यांचं तिथून पुढे, मध्ये खुंटी, आणि खुंटीवर वाद नको. खाडीच्या धक्क्यावरची माणसं त्यांना अजून साहेबच म्हणायची आणि ते त्यांना मनापासून आवडायचं. निवृत्तीच्या दुसऱ्याच महिन्यात नवराबायकोनं एक जुनी मोटरबोट घेतली होती. छोटीशी केबिन, दोन बाकडी, रॉकेलचा एक स्टोव्ह आणि सर्दी झाल्यासारखं खाकरणारं इंजिन. दोघांपैकी एकालाही बोटीतलं काडीचं कळत नव्हतं. मग साहेब सुकाणू धरायला शिकले आणि बायको दोरी सांभाळायला शिकली. मुलीनं फोनवर कपाळाला हात लावला. तो फोनवरून दिसला नाही, पण ऐकू आला.

आता त्या धक्क्याची एक रीत होती. बोट आत आली की जो कुणी जवळ असेल तो हातातलं काम टाकून पुढे व्हायचा आणि बोटीवरून फेकलेली दोरी झेलून खुंट्याला अडकवायचा. त्यासाठी कुणी कुणाला हाक मारत नसे, की नंतर आभार मानत नसे. सख्ख्या भावाशी उभा दावा असला तरी भावाची बोट आली की दोरी घ्यायची आणि मग परत तोंड फिरवून बसायचं.

साहेबांची बोट पहिल्यांदा आत आली तेव्हा इंजिनवाला मिस्तरी असाच हात पुसत पुढे आला होता. साहेबांनी केबिनमधूनच आवाज टाकला, ''राहू द्या, राहू द्या! आमची दोरी आम्ही घेतो!'' आणि बायकोनं पदर खोचून, हातात दोरी घेऊन, पुढच्या टोकावरून सरळ धक्क्यावर उडी मारली. पंचावन्न वर्षांची बाई! जाळी विणत बसलेली मावशी सुई तोंडात धरून बघतच राहिली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बायकोनं वळून साहेबांकडे पाहिलं, लाल झाली आणि हसली. साहेबांची मान त्या दिवशी जी ताठ झाली, ती पुढची अकरा वर्षं खाली आली नाही.

''लागली?'' साहेब आतून विचारायचे.

''लागली,'' ती खुंट्यापासून म्हणायची.

एवढंच. अकरा वर्षं, आठवड्यातून तीनदा. धक्क्यावरची माणसंही शिकली. मोजणीसाहेबांची बोट दिसली की ती आपणहून दोन पावलं मागे सरायची आणि हात पाठीमागे बांधून उभी राहायची, वहिनींना उडी मारायला जागा हवी म्हणून. हळूहळू ती चहालाही बोलवेनाशी झाली. याचं साहेबांना काहीच वाटलं नाही. बाकीचे नवरे धक्क्यावर बसून बायकांची गाऱ्हाणी सांगत असताना आपण मात्र आपल्या बायकोबरोबर खाडीच्या मधोमध, इंजिन बंद करून, एकाच थर्मासातला चहा पीत बसलेलो असतो, याचा त्यांना केवढा डौल! माणूस सुखात असला की त्याला शेजाऱ्यांची आठवण होत नाही. साहेब फारच सुखात होते.

मधे एकदा, गुडघे बोलायला लागल्यावर, ती म्हणाली होती, ''आज घेऊ दे की त्यांना दोरी.''

''तू असताना?'' साहेब म्हणाले. त्यांनी ते कौतुकानं म्हटलं होतं. तिनंही ते कौतुक म्हणूनच घेतलं असावं, कारण तिनं पदर खोचला आणि उडी मारली.

मग गेल्या वर्षी एकदा धक्का ओला होता आणि तिचा पाय सटकला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मुलगी येऊन तिला आपल्याकडे शहरात घेऊन गेली, दोन महिन्यांसाठी. दोनाचे चार झाले, चाराचे चौदा. साहेब दोनदा जाऊन राहून आले. जावई चांगला, नात गोड, पण सातव्या मजल्यावर त्यांना झोप येईना आणि बोटीत पाणी साचलं असेल या काळजीनं जेवण जाईना. ते परत आले. ती आली नाही.

रोज सकाळी दहाला फोन व्हायचा. भाजी कुठली केली, गोळ्या घेतल्या का, नातीचा दात पडला. मग साहेब हळूच विषय काढायचे, ''मग? कधी येतेस?''

''येऊन काय करू?''

''अगं, बोट आहे, खाडी आहे. तू नुसती बाकावर बस.''

''गाठोड्यासारखी? नको बाई,'' ती म्हणायची. आणि महिन्यापूर्वी एकदा स्पष्टच म्हणाली, ''उडी कोण मारणार ते आधी ठरवा. मग बोला माझ्याशी.''

साहेबांनी ते अक्षरशः घेतलं. त्यांचा स्वभावच तो. प्रश्न समोर आला की टेप काढायची. आपण एकट्यानं बोट धक्क्याला लावून दाखवली की तिला उडी मारावी लागणार नाही, आणि उडी मारावी लागणार नसेल तर तिला न येण्याचं कारण उरणार नाही. हिशेब चोख होता. म्हणून खुर्ची, म्हणून खडू. महिनाभरानं विसातले वीस फास बसायला लागले, तेव्हा त्यांनी खुर्ची तिथेच सोडली, दोरी खांद्यावर टाकली आणि भर दुपारी धक्क्यावर आले. दुसऱ्या दिवशीच्या फोनवर तिला सांगायचं वाक्यसुद्धा त्यांनी जुळवून ठेवलं होतं.

बाहेर पडताना काही अडचण आली नाही. सोडणं सोपंच असतं. खाडीच्या मध्यावर जाऊन त्यांनी सवयीनं इंजिन बंद केलं, थर्मास उघडला आणि दोन झाकणांत चहा ओतला. दुसरं झाकण भरल्यावर त्यांच्या लक्षात आलं. आता ओतलाच आहे तर म्हणून त्यांनी दोन्ही प्यायले. समोरचं बाकडं रिकामं होतं. उन्हानं त्याचा रंग उडाला होता, फक्त ती बसायची तेवढा भाग जरा गडद राहिला होता. इतकं एकटं त्यांना घरातही वाटलं नव्हतं. घरात निदान भांडी तरी असतात आवाज करायला.

परतताना वारा उलटला होता. धक्क्याकडून पाण्याकडे वाहत होता, म्हणजे बोटीला बाहेर ढकलत होता. धक्क्यावर नेहमीची मंडळी होती. मिस्तरी एका इंजिनात हात घालून बसला होता, मावशी जाळं घेऊन आपल्या जागी होती, दोघंतिघं आणखी. साहेबांची बोट दिसताच सगळे उठले, दोन पावलं मागे सरले आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

साहेबांनी बोट आणली, सुकाणू सोडलं, केबिनमधून वाकून बाहेर आले, दोरी उचलली आणि फेकली. तेवढ्यात साडेचार फुटांचे नऊ फूट झाले होते. फास पाण्यात पडला. खुर्चीवर सराव करण्यात एक खोट होती, ती त्यांना आता कळली. खोली हलत नाही.

त्यांनी वळसा घेतला आणि पुन्हा आले. या खेपेला वेग जास्त झाला. बोटीचं नाक धक्क्याच्या टायरवर आपटलं, साहेब गुडघ्यावर आले आणि दोरी हातातच राहिली. धक्क्यावर कुणी हललं नाही. सगळे बघत होते, अगदी आदरानं. साहेबांना त्यांचा असा राग आला की कानशिलं तापली. माणसं आहेत की खांब! दिसत नाही का, एक म्हातारा एकटा झगडतोय ते?

तिसऱ्या खेपेला वाऱ्यानं बोट आडवी केली आणि ती शेजारच्या पांढऱ्या बोटीकडे घसरत निघाली. दोन हात अंतर राहिलं. साहेबांनी मिस्तरीकडे पाहिलं. मिस्तरीचे हात पाठीमागे होते, पण तो टाचा उचलून उभा होता आणि त्याचा चेहरा रडवेला झाला होता. तेव्हा कुठे साहेबांच्या डोक्यात उजेड पडला. हे लोक मजा बघत नव्हते. ते बारा वर्षांपूर्वीचा हुकूम पाळत होते.

आता मागायलाच हवं होतं. नाकावर माशी बसू न देणारा माणूस, त्याला हे जड जाणारच. पण पांढरी बोट एका हातावर आली होती.

''अहो, घ्या ना!'' साहेब ओरडले, आणि आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. ''दोरी घ्या ना कुणीतरी!''

त्यांचं वाक्य संपायच्या आत मिस्तरी धक्क्याच्या कडेला होता. दोरी त्यानं हवेतच झेलली. मावशी जाळं टाकून धावली आणि पाय लावून तिनं बोट पांढरीपासून लांब ढकलली. तिसऱ्यानं मागची दोरी मागून घेतली. पाण्याचा ग्लास भरायला लागतो तेवढ्या वेळात बोट लागली. कुणी हसलं नाही. मिस्तरी हात पुसत एवढंच म्हणाला, ''आम्हाला वाटायचं, साहेबांना चालत नाही.''

''चालतं,'' साहेब म्हणाले. ''चालतं की.''

मावशीनं त्यांना चहा दिला. बारा वर्षांत धक्क्यावर बसून घेतलेला पहिला चहा. साहेबांच्या मनात आनंद मावत नव्हता. सुटला प्रश्न! आणि किती साधा! हे तिला सांगायला उद्याचे दहा कशाला वाजायला हवेत? त्यांनी तिथेच, खुंट्याशेजारी उभं राहून फोन लावला.

''आत्ता कसा फोन?'' ती घाबरून म्हणाली. ''बरं आहे ना सगळं?''

''अगं, ऐक तर! ठरलं बघ, उडी कुणीच मारायची नाही. मी नुसतं म्हटलं दोरी घ्या, आणि तिघं धावले! मिस्तरीनं तर हवेतच झेलली. नुसतं म्हणायचं, गं. एका हाकेचं काम! आता तू यायचं आणि आरामात बसायचं. कळलं?''

साहेबांना वाटलं फोन कटला. त्यांनी कानापासून काढून पाहिला, सेकंद पळत होते.

''ऐकतेयस ना?''

''ऐकतेय,'' ती म्हणाली. मग, ''मावशी कुठं बसल्या होत्या?''

''कुठं म्हणजे? तिच्या नेहमीच्या जागी. का?''

''त्या दिवशीही त्या तिथंच होत्या. मी पडले तेव्हा.'' तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. ''मी उडी मारायच्या आधी त्यांनी हात पुढे केला होता. मग तुमच्याकडे पाहिलं आणि मागे घेतला.''

साहेब खुंट्यावर बसले. मावशी दहा पावलांवर पुन्हा जाळं मांडीवर घेऊन बसली होती.

''अकरा वर्षं,'' फोनवर बायको म्हणाली, ''नुसतं म्हणायचं होतं होय?''

पलीकडे नातीनं आजीला हाक मारली. ती म्हणाली, ''पोरीला खायला द्यायचंय. तुम्ही जेवून घ्या वेळेवर,'' आणि तिनं फोन ठेवला.

माणसं कामाला लागली. ऊन धक्क्यावरून उतरून पाण्यावर गेलं. साहेब खुंट्यावर बसून राहिले. पायाशी मिस्तरीनं मारलेली गाठ होती, पक्की आणि साधी. ही गाठ आपल्याला चौदा महिन्यांपूर्वी मिळाली असती, बारा वर्षांपूर्वी मिळाली असती. आपण बायकोचं कौतुक करत होतो असं आपल्याला वाटत होतं, आणि ती उडी मारत होती. आपल्यासाठी. गुडघे दुखत असताना. साहेबांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची मनापासून लाज वाटली.

बऱ्याच वेळानं त्यांनी पुन्हा फोन लावला. तिनं लगेच उचलला.

''काय राहिलं?''

''अगं,'' साहेब म्हणाले आणि थांबले. दोरी घ्या म्हणायला लागला होता त्याहून जास्त वेळ लागला. ''मी म्हणायला हवं होतं. चूक माझी.''

''हो,'' ती म्हणाली.

तिकडून कुकरची शिट्टी ऐकू आली, इकडून तिला बहुतेक पाणी ऐकू येत असावं, कारण तिनं फोन ठेवला नाही. येते असं ती म्हणाली नाही, आणि साहेबांनीही या खेपेला विचारलं नाही.

''लागली?'' शेवटी तिनंच विचारलं.

''लागली,'' साहेब म्हणाले.