सदर बालिकेचं बोलणं

पहिल्यांदा शाळेतून बोलावणं आलं तेव्हा माझ्या पुतणीचा, गंधालीचा गुन्हा एवढाच होता, की मॅडमनी "डबा संपवला का?" विचारल्यावर ती म्हणाली, "न्हाई. मंग खाते."

वय वर्षं चार. जालन्यातली नावाजलेली इंग्रजी शाळा. मॅडम म्हणाल्या, घरातलं ग्रामीण वातावरण कमी करा.

ग्रामीण वातावरण म्हणजे आमचे बाबा, पुंजाराम. आई गेल्यावर तीर्थपुरीहून आमच्याकडं राहायला आलेले. केशवदादानं घरी येऊन, बूटही न काढता, ते कमी केलं.

"बाबा, आजपासून गंधालीशी शुद्ध बोलायचं. जमत नसेल तर बोलायचंच नाही."

"मंग खुणा करू का?"

"खुणा चालतील," सुरुचीवहिनी गंभीरपणे म्हणाली.

मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, त्यामुळं नको त्या गोष्टी मला पाठ असतात. युनेस्कोच्या हिशेबानं भाषा पायरीपायरीनं मरते. लेकरं ती फक्त घरातच बोलू लागली, की असुरक्षित. घरातही शिकेनाशी झाली, की निश्चित धोक्यात. आजोबा बोलतात, आईबापांना कळते पण ते पोरांशी बोलत नाहीत, ही झाली गंभीर धोक्यात. आणि आजोबाही कधीमधीच बोलायला लागले, की अतिगंभीर. त्याच्या खाली नामशेष.

"दादा, तू बूट घालूनच आपली बोली एक पायरी खाली उतरवलीस," मी म्हणालो.

"मराठी कोट्यवधी लोक बोलतात, ऋषी. आणि तुझी युनेस्को हिला पुढच्या वर्गात घालणार आहे का?"

त्याचं बरोबर होतं. मराठी सुरक्षितच. आमच्या बोलण्याला त्या यादीत मरायलाही जागा नव्हती, कारण तिथं भाषा मरतात आणि आमचा तर नुसता गावंढळपणा जाणार होता. मला इतका राग आला, की दोन दिवस मी दादाशी शुद्ध बोललो.

बाबांनी हुकूम मानला. अडचण एवढीच, की उभ्या आयुष्यात त्यांना शुद्ध मराठी भेटली होती ती तलाठ्याच्या नोटिशीत आणि कोर्टाच्या समन्समध्ये.

"सदर बालिकेने दूध तात्काळ प्राशन करावे," दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले. "कसूर केल्यास पुढील कारवाई करण्यात येईल."

दूध संपलं. वहिनी खूश झाली.

गंधाली भराभर शिकली. पुढच्याच आठवड्यात वर्गात उभी राहून म्हणाली, "मॅडम, मला शू लागल्याबाबत."

मॅडमना काही कळेना.

"विलंब झाल्यास मी जबाबदार राहणार नाही."

विलंब झाला. या वेळी शाळेनं दादाला कोरडी चड्डी घेऊन बोलावलं.

तो घरी आला तेव्हा त्याच्या मानेवरची शीर दिसत होती.

"बाबा, काय करून राह्यले तुम्ही पोरीचं? म्या कितीदा सांगितलं! तुम्हाला बिलकुल कळतच न्हाई का? सगळ्या शाळेसमोर मान खाली घालून आल्तो म्या!"

वहिनीनं नवऱ्याचा हा आवाज लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला. दारातून गंधालीनं विचारलं, "पप्पा, तुम्हाला बी येतं?"

दादा कानापर्यंत लाल झाला. बाबा खुर्चीतून उठले. आठवडाभर कोंडलेलं सगळं एकदम बाहेर पडलं.

"चार वर्षं झाली पोरीला. ह्या बोलीत लाडाचा एक सबूद तिच्यासंगं बोलला न्हाईस. बापावर खेकसायलाच ठेवली का रं ही?"

"बाबा, मला राग आला की चुकून—"

"मंग ये रागाला! रोज ये. पोरगी ऐकून राह्यली."

"मी येणार नाही," दादा दात आवळून शुद्ध म्हणाला.

बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "भित्रा कुठला. मॅडमला भ्यालास."

"मी कोणाला भीत नाही."

"मॅडम दिसली की चड्डी हातात घेऊन पळतंय."

"म्या न्हाई भेत कुणाच्या बापाला!"

"न्हाई भेत!" गंधाली आनंदानं ओरडली आणि बाबांच्या कडेवर चढून बसली. "आबा, अजून चिडवा!"

बाबांनी घसा साफ केला.