वडलांचं वय

सुतारकामाच्या कारखान्यात टेबलाखालचा भुसा ओढताना बायकोचा झाडू थांबला. ती खाली वाकली आणि भुशात बोटं घालून काहीतरी वेचू लागली. मिस्त्री खुर्चीच्या पायाला काचकागद घासत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण हात मंदावला. ती काय वेचते आहे ते त्यांना न बघताच कळलं होतं.

तिने मूठ टेबलावर रिकामी केली. छोट्या गुलाबी गोळ्या होत्या. काहींना भुसा चिकटलेला, काही ओल लागून फुगलेल्या.

"या साखरेच्या नाहीत," ती म्हणाली.

"नाहीत."

साखरेच्या गोळ्या मिस्त्रींनी कधी चुकवल्या नव्हत्या. मधुमेह निघाला तेव्हापासून त्यांनी तो एखाद्या अंगावर घेतलेल्या कामासारखा निभावला होता. चहातली साखर बंद, गोड बंद, बोटाला सुई टोचून तपासणी वेळच्या वेळी. रक्ताचा रिपोर्ट हातात आला की शाळेतल्या हुशार मुलासारखे ते तो बायकोसमोर धरत. म्हणूनच दवाखान्यात नवी आलेली डॉक्टरीण, वयाने त्यांच्या मुलीएवढी, जेव्हा "साखर छान आहे, पण" असं म्हणाली, तेव्हा तो 'पण' त्यांना चांगलाच झोंबला होता. तिचं म्हणणं असं होतं की मधुमेहात माणसाला दगा देतं ते बहुतेक वेळा हृदय. साखर, रक्तदाब, रक्तातली चरबी आणि सिगारेट, सगळ्यांचा भार त्याच त्या रक्तवाहिन्यांवर पडतो, तेव्हा एकटी साखर सांभाळून भागत नाही. तिने रक्तदाबाची एक आणि चरबीची एक अशा दोन गोळ्या वाढवल्या, मीठ कमी करायला सांगितलं, सिगारेट सोडायला सांगितली. मिस्त्रींनी सगळ्याला मान हलवली. घरी आल्यावर सिगारेट कारखान्याच्या मागच्या दारी चालू राहिली, रक्तदाबाची गोळी आठवेल तेव्हा घेतली जाऊ लागली आणि चरबीची गुलाबी गोळी रोज सकाळी भुशात जाऊ लागली.

याला कारण होतं, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांचे वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी जेवता जेवता गेले होते. थोरला भाऊ त्याच वयात, शिडीवर उभा असताना. दोघांनाही साखर होती, दोघांचंही हृदय बंद पडलं. मिस्त्रींना आता सत्तावन्न वर्षं पूर्ण होत आली होती. आपलाही मुक्काम तिथवरच, हे त्यांनी मनाशी धरून टाकलं होतं. त्यात रडारड नव्हती, उलट एक प्रकारची टापटीप होती. त्यांनी मोठी करवत पुतण्याला देऊन टाकली, चांगले दोन रंधे जावयाला दिले. घराची कागदपत्रं कुठे आहेत ते बायकोला दोनदा दाखवलं. माणूस वयाबरोबर उदार होत चालला आहे, असं नातेवाईक कौतुकाने म्हणत.

बायको पॉलिश न झालेल्या खुर्चीवर बसली. झाडू तिने मांडीवर आडवा ठेवला.

"मला वाटायचं, तुम्ही विसरत असाल," ती म्हणाली. "वडलांचं वय गाठायचं आणि थांबायचं, असंच ना?"

मिस्त्रींच्या हातातला काचकागद दुमडला गेला. "हे तुला कुणी सांगितलं?"

"दादा गेले तेव्हापासून तुम्ही कधी 'पुढच्या वर्षी' असं म्हणाला नाहीत. एकदाही नाही."

 संध्याकाळी भाजी कुठली करू असं विचारावं तितक्या साध्या आवाजात तिने विचारलं, "मग मी पुढच्या वर्षी काय करायचं, तेवढं सांगून ठेवा."

 कागदपत्रांपासून कुलपांपर्यंत सगळ्याचा विचार मिस्त्रींनी करून ठेवला होता, फक्त याचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात गेली. मिस्त्रींनी डॉक्टरणीला वडलांचं सांगितलं, भावाचं सांगितलं, आणि बायको शेजारी बसली होती म्हणून भुशाचंही सांगितलं. डॉक्टरीण रागावली नाही. काही होणार नाही, असा धीरही तिने दिला नाही.

"खात्री कुणाचीच देता येत नाही, काका," ती म्हणाली. "वडील आणि भाऊ तर आपण बदलू शकत नाही. पण धोका कमी करता येतो, बराच कमी. आणि चरबीच्या गोळीने कधी कधी अंग दुखतं, तसं झालं तर मला सांगा, भुशाला नका सांगू."

बायको पदराआड हसली. मिस्त्रींनाही हसू आवरेना. खात्री देणाऱ्या माणसावर त्यांचा एरवीही विश्वास बसत नसे.

सिगारेटने त्यांना रडवलं. कित्येक दिवस ते पेन्सिली चावत आणि खिळ्यांवर खेकसत फिरले. एकदा चहाबरोबर ओढलीच, आणि घरी येऊन स्वतःच सांगून टाकलं. कमी मिठाचं जेवण सुरुवातीला घशाखाली उतरेना. मग जीभ हळूहळू रुळली आणि बाहेरचं खाणं त्यांना खारट लागू लागलं. संध्याकाळी दोघं कालव्याच्या काठाने चालायला जात. बायको पुढे जाऊन दिव्याच्या खांबापाशी थांबायची, मिस्त्री धापा टाकत मागून यायचे. हिवाळा सरता सरता तिला थांबायची गरज उरली नाही. रक्तदाब खाली आला. पँट कमरेला सैल झाली तेव्हा मिस्त्रींनी तक्रारीच्या सुरात पट्ट्याला नवं भोक पाडून घेतलं, आणि ते येईल जाईल त्याला दाखवलं.

अठ्ठावन्नावं वर्ष आलं तसं गेलं. त्यानंतर एका सकाळी दाढी करता करता ते आरशासमोर थबकले. आता ते वडलांपेक्षा मोठे झाले होते. घरातल्या कुठल्याच पुरुषाचा या वयाचा चेहरा त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी गालावरचा फेस पुसून तो नीट निरखला. बरा होता.

त्याच आठवड्यात ते कपाटासाठी फळ्या आणायला वखारीत गेले. दाराशीच शिसवाचं नुकतंच तोडलेलं खोड पडलं होतं. मिस्त्री त्याच्याभोवती फिरले. कापलेल्या टोकावर त्यांनी तळवा ठेवला. तो गार आणि ओलसर लागला.

"ते तुमच्या कामाचं नाही, मिस्त्री," वखारवाला आतून म्हणाला. "वाळायलाच चार-पाच वर्षं घेईल. तुम्हाला तयार माल दाखवतो."

 मिस्त्रींनी त्या खोडाच्या जाड फळ्या काढून घरी पाठवायला सांगितलं.

संध्याकाळी बायको फिरायला जायच्या तयारीने अंगणात आली, तेव्हा मिस्त्री भिंतीशी फळ्यांची चळत रचत होते. दोन फळ्यांमध्ये हवा खेळावी म्हणून पातळ पट्ट्या ठेवत होते.

"हे कुणाचं काम?" तिने विचारलं.

"आपलंच. जेवणाचं टेबल करू म्हणतो."

तिने वरच्या फळीला हात लावला आणि बोटं नाकाशी नेली. सुताराची बायको होती ती, ओल्या लाकडाचा वास तिला ओळखता येत होता.  भिंतीलगतच्या कुंड्या तिने एकेक करून उचलल्या आणि पलीकडच्या कोपऱ्यात नेऊन ठेवल्या, म्हणजे फळ्यांना सगळीकडून वारा लागेल.