घाम न येणारी छागळ

मित्रांनो, मी एक जुनी छागळ आहे. जाड कॅनव्हासची, चिनी मातीच्या तोंडाची, बुचाला दोरी बांधलेली पाण्याची पिशवी. तुमच्यापैकी कितीजणांनी माझ्यासारखी पाहिली असेल, देव जाणे! मी आता ऑस्ट्रेलियाच्या लाल मातीच्या मुलखातल्या एका छोट्या गावी, नेव्हआजोबांच्या ओसरीवर टांगलेली असते. संध्याकाळचा वारा आला की मी हलते आणि मला जुने दिवस दिसू लागतात.

माझा जन्म समुद्राकाठच्या शहरातल्या एका कारखान्यात झाला. शिवणाऱ्या बायका गप्पा मारत मारत दुहेरी टाके घालत होत्या. मग मला तरुण नेव्हनं विकत घेतलं. त्यानं घरी नेऊन पहिल्यांदा मला रात्रभर पाण्यात बुडवून ठेवलं. कोरडी छागळ भरली तर चाळणीसारखी गळते. धागे पाणी पिऊन फुगले की मगच ती पाणी धरते. तरी अंगातून थोडा पाझर सुरूच राहतो. तोच आमचा घाम. वाऱ्यानं तो सुकतो आणि आतलं पाणी गार होतं.

नेव्ह टपालाचा ट्रक चालवायचा. मला ट्रकच्या नाकाडावर बांधायचा आणि आम्ही दूरदूरच्या गुरांच्या वाड्यांवर जायचो. तिथली माणसं पत्रं नंतर फोडायची, आधी मला तोंड लावायची. "नेव्ह, तुझ्या पाण्याला बर्फाची चव आहे रे!" असं कुणी म्हटलं की मला कोण आनंद व्हायचा! वाटेत एक भलंमोठं मिठाचं तळं लागे. तळं कसलं, पांढरं कोरडं मैदान! नेव्ह तिथे गाडी थांबवून एक घोट घ्यायचा आणि म्हणायचा, "एकदा हे भरलेलं बघायचंय बाई." जन्मभर पाणी वाहणाऱ्या मला त्या न पाहिलेल्या पाण्याची स्वप्नं पडायची. स्वप्नात मी त्यावर तरंगत असे.

पुढे गाड्यांत फ्रीज आले. मी शेडमधल्या खिळ्याला लटकले. माझ्या तोंडात कोळ्यानं संसार थाटला. कुणी हात लावेना तेव्हा मला फार वाईट वाटायचं, पण सांगणार कुणाला?

मग एका वर्षी उत्तरेकडे मुसळधार पाऊस झाला. नद्या लाल वाळवंटातून वाट काढत निघाल्या आणि ते तळं भरलं. नेमकी शाळेला दोन आठवड्यांची सुट्टी लागणार होती. नेव्हची मुलगी जॉस आणि नात मेरिन तळ्यावर जायच्या तयारीला लागल्या. अंगणात जादा टायर आले, डिझेलचे डबे आले, फावडं, तंबू, माश्या अडवायला डोक्यावरून घ्यायच्या जाळ्या आणि डबाबंद बीन्सची चळत आली.

फक्त नेव्ह जाणार नव्हता. त्याची मूत्रपिंडं थकली होती. दिवसाआड दवाखान्यात जाऊन मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यावं लागे. तळं तर दोन दिवसांच्या वाटेवर. ज्यानं अख्ख्या मुलखाला पाणी पाजलं, त्याला आता पाणीसुद्धा बेतानं प्यावं लागत होतं.

"मी नाही तर नाही," तो म्हणाला, "पण त्या छागळीला न्या. तिनं माझ्याबरोबर ते कोरडं तळं कितीदा पाहिलंय. निदान तिनं तरी भरलेलं बघावं."

शेडमध्ये मी आनंदानं हरखले. मेरिननं मला खिळ्यावरून काढलं, कोळ्याला हुसकावलं आणि पाणी भरलं. इतक्या वर्षांची कोरडी मी, धो धो गळले.

जॉस बॉनेटमधून डोकं वर काढून म्हणाली, "गाडीत फ्रीज आहे, टाकी आहे. हे गळकं बोचकं कशाला? पुढची काच नुसती चिखलानं भरेल. मी काही गळकी पिशवी नेणार नाही बाई."

"अगं आई, पण आजोबा म्हणाला ना!"

"आजोबाला काय जातंय म्हणायला! गाडी मी धुणार."

दुपारी आजोबा दवाखान्यात गेलेला असताना मेरिननं तंबूच्या कापडाला चोळायचं मेण आणलं. जीभ दातांत धरून तिनं मला शिवणी-शिवणीवर मेण चोळलं आणि केस वाळवायच्या यंत्रानं ते वितळवून मुरवलं. किती प्रेमानं करत होती पोर! मला मात्र गुदमरायला होत होतं. संध्याकाळी मी पाण्यानं टम्म भरून गाडीच्या पुढच्या दांड्याला लटकले होते. खाली एक थेंब नाही.

"बघ आई! आता नेशील ना?"

"आता नेते," जॉस हसली. "हरले मी तुझ्यापुढे."

तेवढ्यात नेव्ह परत आला. काठी टेकत टेकत आला आणि सवयीनं माझ्या पोटावर तळवा ठेवला. तळवा कोरडाच राहिला.

"आजोबा, आता गळत नाही ती! मी मेण लावलं."

"हो गं," तो हळूच म्हणाला. "पण राणी, ती कोरडी होती म्हणून गळली. रात्रभर भिजवली की तिला नुसता घाम यायचा. तो आला नाही तर पाणी गार कसं होणार?"

मेरिनचा चेहरा पडला. "मी ती बिघडवली?" म्हणत ती रडायला लागली. "गरम पाण्यानं धुऊ या ना!"

"धाग्यात मुरलंय ते. आता निघायचं नाही."

जॉसनं हातातला पाना खाली ठेवला. मलाही वाटलं, संपलं सगळं. आता परत तो खिळा आणि तो कोळी.

नेव्ह डिझेलच्या डब्यावर बसला. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि एकाएकी डोळे मिचकावले. "ए रडूबाई, इकडे ये. गार करणं गेलं तिचं. पण आता ती थेंबही सांडणार नाही. मग जाताना रिकामी ने आणि येताना भरून आण. मी तळ्यापर्यंत जाऊ शकत नाही ना? तळं इकडे आण थोडं."

"खरंच?" मेरिननं बाहीला नाक पुसलं.

"आधीची छागळ असती तर वाटेतच अर्धं पाणी उडून गेलं असतं," नेव्ह म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही निघालो. आणि मित्रांनो, मी ते पाहिलं! जिथे आमची चाकं मिठावर करकरायची, तिथे आभाळ खाली उतरून निजलं होतं. पांढरे पाणपक्षी थव्यांनी तरंगत होते. पाणी कुठे संपतं आणि ढग कुठे सुरू होतात, कळेना. मेरिननं काठावर गुडघे टेकून मला हलकेच बुडवलं. मी स्वप्नातल्यासारखी क्षणभर तरंगले, मग भरत गेले.

परतीच्या सगळ्या वाटेवर तिनं मला मांडीवर घेतलं. "जेवताना तरी खाली ठेव तिला," जॉस म्हणायची, पण खड्डा दिसला की स्वतःच गाडी हळू करायची.

घरी नेव्ह अंगणातल्या झाडाखाली वाट बघत बसला होता. मेरिननं घमेलं ठेवलं, त्याचे मोजे काढले आणि मला वाकडं केलं. त्याच्या सुजलेल्या पावलांवर तळं आलं. त्यानं बोट बुडवून जिभेला लावलं आणि खारट म्हणून तोंड वाकडं केलं.

"गरम झालंय रे आजोबा," मेरिन ओशाळून म्हणाली. "माझ्या मेणामुळे."

"अगं, तिथे दिवसभर ऊन पडत असेल की नाही?" नेव्हनं डोळे मिटून पाय हलवले. "तळं असंच लागणार पायाला."

माझी खात्री आहे, तो तिथेच पोचला होता.

आता माझ्या अंगावर मिठाची पांढरी रेघ आहे. प्यायचं पाणी माझ्यात ठेवलं तर खारट होतं. पण मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं जुनं काही बिनकामाचं वाटलं, तर टाकण्याआधी आणि दुरुस्त करण्याआधीही, ते ज्यानं वापरलं त्याच्याजवळ जरा बसा. तो आहे तोवर विचारा. नेव्हची खुर्ची आता माझ्याखाली रिकामी असते. मेरिन शाळेतून आली की तिच्यात बसते आणि जाता जाता माझ्या पोटावर तळवा ठेवते.