विरघळलेले मणी

कापड रंगवायच्या कारखान्यामागे सांडपाण्याचं टाकं होतं आणि त्या टाक्यात दाजींची लेकरं राहत होती. लेकरं म्हणजे जिवाणू. त्यांना शेवाळाच्या चिकात कालवून सुईतून थेंबाथेंबानं कॅल्शियमच्या पाण्यात सोडलं, की थेंब जागच्या जागी गोठायचा आणि मोहरीहून थोडा मोठा, मऊ मणी तयार व्हायचा. जिवाणू आत सुखरूप राहायचे, आणि पाण्यातलं रंगाचं विष झिरपत आत येऊन त्यांच्या पोटात संपायचं. प्रयोगशाळेत मणी करायची धाकटी मेहुणी आणि टाकं राखायचे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे दाजी. "जन्म हिनं द्यायचा, वाढवायचं मी," असं दाजी चारचौघांत सांगायचे. "अहो, जरा हळू बोला," म्हणत ती खाली बघून हसायची. दाजींना ही नोकरी तिनंच शब्द टाकून मिळवून दिली होती. त्याआधी बरेच दिवस ते घरीच बसून होते.

एके दिवशी साहेब म्हणाले, "उद्या पाहुणे येणार आहेत. पाणी नितळ दिसलं पाहिजे." मेहुणीला वाटलं, जिवाणूंना चार घास जास्त घालावेत, म्हणजे काम लवकर उरकेल. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय. दाजी जेवायला गेले होते तेव्हा तिनं जिवाणूंचं खत म्हणून फॉस्फेटची पिशवी टाक्यात रिकामी केली. फॉस्फेट कॅल्शियमला ओढून घेतं आणि मण्याचं कवच ढिलं पडतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. एवढ्यानं काय होतंय, असं ती स्वतःशीच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी टाक्यात मणी नव्हते, नुसता चिकट लगदा होता. जिवाणू पाण्याबरोबर वाहून गेले होते आणि मागच्या नाल्यातून जांभळं पाणी वाहत होतं. पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावले. साहेबांना टाक्याच्या कठड्यावर फिनेलची बाटली दिसली. आदल्या दिवशी त्यांच्याच हुकुमावरून दाजींनी कठडा घासून काढला होता.

"जिवाणूंच्या टाक्यावर फिनेल?" साहेब दाजींना म्हणाले. "उद्यापासून येऊ नका."

फिनेलनं जिवाणू मरतील, पण मणी असे विरघळणार नाहीत. त्या अख्ख्या आवारात हे तिला एकटीला कळत होतं, आणि ती मूग गिळून उभी होती. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती आणि चोर पांढरा कोट घालून मान हलवत होता.

संध्याकाळी ती बहिणीकडे गेली. तिला स्वतःची किळस वाटत होती. दाजी मोरीपाशी बसून कंपनीचे गमबूट घासत होते. परत करायचे तर स्वच्छ करून द्यावेत, असं त्यांचं म्हणणं.

तिला बघून ते उठून उभे राहिले. "तुझ्याकडे तोंड घेऊन यायची लाज वाटत होती मला," ते म्हणाले. "कठडा घासताना फिनेलच्या पाण्याची बादली जरा टाक्यात कलंडली होती. मला वाटलं, थोडंसंच तर पाणी गेलंय. तुझी एवढ्या दिवसांची मेहनत मी घालवली. माफ कर मला."

"दाजी, तुम्ही नाही," ती म्हणाली. तिला रडू फुटलं. "मी केलं ते. मीच भलतं खत टाकलं. त्यानं मणी विरघळले."

 दाजींचेही डोळे भरून आले. "ऐकलंस का गं?" त्यांनी आत हाक मारली. "तुझी बहीण माझं पाप आपल्या अंगावर घेतेय."

ताई बाहेर आली आणि तिनं धाकटीला जवळ घेतलं.

"खरंच सांगतेय मी," ताईच्या खांद्यावर डोकं ठेवून ती म्हणाली. पण हे तिनं हळूच म्हटलं, आणि एकदाच.

"पुरे झालं," दाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "माझी नोकरी गेली ती गेली. साहेबांपुढे असलं काही बोलू नकोस हं. तुझीही जाईल. शप्पथ घे माझी."

तिनं डोळे पुसले. ताईच्या पदराला गरम भाकरीचा वास येत होता आणि तिथून हलावंसं वाटत नव्हतं.

"बरं," ती म्हणाली.